२ अँपियरच्या जागी ५ अँपियर: एका जुन्या ट्यूब ॲम्पचं प्रकरण

पार्श्वभूमी

गिटारचा ॲम्प (ॲम्प्लिफायर) फेंडर डिलक्स रिव्हर्ब, रुपेरी पॅनेलचा, १९७०च्या दशकातला. २२ वॅट, १२ इंची एक स्पीकर, ८ ओहम. आत नऊ ट्यूब (काचेच्या निर्वात नळ्या): चार १२एएक्स७, दोन १२एटी७, स्पीकर चालवायला आउटपुटला दोन ६व्ही६ आणि रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारी) म्हणून जीझेड३४. जहाजावरच्या बँडमध्ये वाजवणाऱ्या गोव्यातल्या एका गिटारवादकाच्या घरून तो चोर्ला घाटाने बेळगावला आला. आताचा मालक खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडचा. ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो, गातोही.

पुढे जे घडलं त्याची मुळं ॲम्पच्या वापरण्यात होती. तो अमेरिकेतल्या ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झ लाइनसाठी बनलेला. इथे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. म्हणून मधे ११० व्होल्टचा स्टेप-डाउनचा डबा. डब्याच्या सॉकेटला दोनच भोकं होती, त्यामुळे ॲम्पच्या तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन कुणीतरी करवतीने कापून टाकलेली. शिवाय पावसाळ्यात ॲम्प माळ्यावर, ताडपत्रीत गच्च गुंडाळून ठेवलेला असे. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात ताडपत्री पाणी अडवते, पण दमट हवा आतच कोंडून ठेवते.

बिघाड कसा वाढत गेला

गणपतीच्या तालमी सुरू झाल्या तेव्हा पहिल्यांदा हम (सतत घुमणारी गुरगुर) वाढला. आवाज गढूळ झाला, खालचे सूर चिखलात बसल्यासारखे. मालकाची आणखी एक तक्रार होती: "माइकला ओठ लागला की झिणझिण करतंय." सगळ्यांनी ती हसण्यावारी नेली. आठवड्याभरात एका ६व्ही६ची प्लेट (आतला करंट गोळा करणारा पत्रा) लाल दिसू लागली आणि फ्यूज उडाला.

इथपर्यंत फारसं नुकसान नव्हतं. मागच्या पॅनेलवर २ अँपियर, स्लो-ब्लो असं लिहिलेलं आहे आणि त्या फ्यूजने आपलं काम चोख केलं होतं. पण दुरुस्तीच्या दुकानात त्याच्या जागी ५ अँपियरचा फ्यूज बसला. ॲम्प सुरू झाला, वीसेक मिनिटं वाजला, मग डांबर तापल्यासारखा वास आला आणि आवाज बंद पडला. ५ अँपियरचा फ्यूज शाबूत होता. दुकानाचा निष्कर्ष: आउटपुट ट्रान्सफॉर्मर (ट्यूब आणि स्पीकरमधला) जळाला, रिवाइंड करावा लागेल, नाहीतर ॲम्प भंगारात.

पहिला निर्णय: चालू करून बघायचं की नाही

ॲम्प बेंचवर आला तेव्हा मालकाची इच्छा होती की एकदा लावून बघावा. लावला नाही. लाल प्लेट, उडालेला फ्यूज आणि जळका वास ही तीन लक्षणं एकत्र असली की सरळ लाइनवर चालू करणं म्हणजे उरलेला पुरावाही जाळणं.

चेसिस (धातूचा सांगाडा) बाहेर काढल्यावर पहिलं काम फिल्टर कपॅसिटर रिकामे करण्याचं; डीसी सपाट करणारे हे कपॅसिटर ॲम्प बंद केल्यावरही चार्ज धरून ठेवतात. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर, एक टोक क्लिपने चेसिसला आणि दुसरं इन्सुलेटेड प्रोबने कपॅसिटरच्या प्लसला. दुसरा हात खिशात. पाचही कपॅसिटर मिळून ८० मायक्रोफॅरड होतात, म्हणजे चार-पाच सेकंदांत व्होल्टेज उतरतं. तरी मिनिटभर धरून ठेवावं आणि मीटरने पाहावं, कारण जुने इलेक्ट्रोलिटिक थोडा चार्ज परत वर आणतात. ॲम्प महिनाभर बंद होता, हे कारण पुरेसं नाही.

नंतर सिरीज लॅम्प. पंप आणि मिक्सरच्या दुरुस्तीत इथल्या प्रत्येक इलेक्ट्रिशियनकडे असतो तोच: फेजमध्ये १०० वॅटचा तारेचा बल्ब; पुढे शॉर्ट असेल तर तो उजळतो, नसेल तर विझतो किंवा मंद होतो. एलईडी चालत नाही. बल्ब स्टेप-डाउनच्या आधी, २३०च्या बाजूला लावला. नऊच्या नऊ ट्यूब काढून ॲम्प चालू केला तरी बल्ब अर्धवट उजळून तसाच राहिला. ट्यूब नसताना एवढा करंट जायचं कारण एकच: पॉवर ट्रान्सफॉर्मर (लाइनपासून ॲम्पला हवी ती व्होल्टेज बनवणारा) किंवा त्याच्या लगतचं काहीतरी. सेकंडरीच्या (त्याच्या बाहेर पडणाऱ्या बाजूच्या) सगळ्या तारा सोडवून पुन्हा पाहिलं, बल्ब तसाच. हाय-टेन्शन (ट्यूबना लागणाऱ्या चढ्या व्होल्टेजच्या) वाइंडिंगच्या दोन अर्ध्या भागांत बरोबरी हवी. बल्बमुळे आकडे उतरलेले होते, पण उतरलेल्यांतही दोन बाजूंत आठ टक्क्यांचा फरक होता. वेटोळी आतल्या आत शॉर्ट झाली होती.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर: खरंच गेला होता का

दुकानाने तो मेलेला ठरवला कसा, हे मालकाकडूनच कळलं. मल्टीमीटर बझरवर ठेवला, मधल्या टॅपपासून (वाइंडिंगच्या मधून काढलेल्या तारेपासून) प्लेटपर्यंत प्रोब लावले, बझर वाजला नाही. आता बहुतेक मीटरांचा बझर काही दहा ओहमांच्या आतच वाजतो, आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचा एकेक अर्धा भाग सहज शंभर ओहमांच्या वर असतो. बझर गप्प राहणारच. मीटर ओहमवर ठेवल्यावर मधल्या टॅपपासून एका प्लेटला १३१ आणि दुसरीला १४८ ओहम मिळाले. हा फरक दोष नाही. बाहेरच्या थरांतल्या वेटोळ्यांना तार जास्त लागते, म्हणून आकडा थोडा वर जातो.

पण ओहम बरोबर आले म्हणून शॉर्ट झालेली वेटोळी नाहीत असं होत नाही. त्यासाठी प्रायमरी आणि सेकंडरीच्या वेटोळ्यांचा रेशो (प्रमाण) पाहिला. ६व्ही६ काढून, स्पीकर सोडवून, स्पीकरच्या टोकांना बरोबर १ व्होल्ट एसी दिला. प्लेट ते प्लेट २८.४ व्होल्ट आले, मधल्या टॅपपासून दोन्हीकडे १४.२. रेशोचा वर्ग गुणिले ८ केला की सुमारे साडेसहा किलोओहम येतात, या दोन ६व्ही६ना हवे तेवढेच. ट्रान्सफॉर्मर ठणठणीत होता. एक सावधगिरी: ही चाचणी हीटरचे (ट्यूब तापवणाऱ्या तारेचे) ६.३ व्होल्ट देऊन करण्याचा मोह होतो, आणि मग प्रायमरीवर १८० व्होल्ट उभे राहतात.

म्हणजे ट्रान्सफॉर्मर गेला हे दुकानाचं म्हणणं खरं होतं, फक्त दुसरा. सांगितल्याप्रमाणे आउटपुट रिवाइंडला दिला असता तर चांगला भाग उकलला गेला असता आणि जळालेला जागेवरच राहिला असता.

मूळ दोष

आवाज का बंद पडला ते लगेच सापडलं. लाल झालेल्या ६व्ही६च्या आत शॉर्ट होता आणि तिच्या स्क्रीनचा (आतल्या दुसऱ्या जाळीचा) ४७० ओहमचा रेझिस्टर कोळसा होऊन तुटलेला. पण ट्यूब लाल का झाली? या ॲम्पमध्ये आउटपुट ट्यूबच्या ग्रिडला (करंट आवरणाऱ्या जाळीला) सुमारे उणे ३५ व्होल्टचं बायस, म्हणजे स्थिर उणे व्होल्टेज, लागतं. ते ज्या छोट्या इलेक्ट्रोलिटिकवर उभं असतं तो २५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बाहेर काढून मोजला तेव्हा २ मायक्रोफॅरड निघाला. वाळून गेला होता. तो वाळला की उणे व्होल्टेज खाली येतं, त्यात १०० हर्ट्झची रिपल (डीसीवरची लहर) नव्हे, सरळ ५० हर्ट्झची गुरगुर मिसळते, ट्यूबमधून वाजवीपेक्षा जास्त करंट वाहतो, प्लेट तापून लाल होते. पहिल्या आठवड्यातला वाढलेला हम त्याचाच होता. कपॅसिटर दहा-पंधरा रुपयांचा.

झिणझिणीचं कारण वेगळं. ग्राउंड स्विचपासून चेसिसला जोडलेला ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. अमेरिकेतल्या जुन्या वायरिंगमध्ये हम कमी करायला तो असे. इथला स्टेप-डाउन डबा ऑटोट्रान्सफॉर्मर निघाला, म्हणजे एक तार आत-बाहेर सामाईक. डब्याचा दोन पिनांचा प्लग उलटा लागला की ती सामाईक तार फेज होते, आणि कापलेल्या अर्थमुळे चेसिस, गिटारच्या तारा आणि वादक हे सगळे त्या कपॅसिटरमधून २३० व्होल्टला जोडले जातात. ५० हर्ट्झला ०.०४७ मायक्रोफॅरडमधून साडेतीन मिलिअँपियरच्या जवळपास करंट जातो. मंडपातला माइक अर्थला असतो. ओठ लागला की वाट पूर्ण. आणि हा कपॅसिटर फुटून शॉर्ट झाला तर झिणझिणीवर भागत नाही. ही तक्रार सगळ्यात आधी ऐकायला हवी होती.

पर्याय

पॉवर ट्रान्सफॉर्मर बदलणं भाग होतं. कोणता बसवायचा यावर आठवडा गेला.

११७ व्होल्टचाच बाहेरून मागवायचा तर मूळपण राहतं, पण स्टेप-डाउन डबाही राहतो. त्याहून मोठी अडचण ५० हर्ट्झची. गाभ्यातलं चुंबकत्व व्होल्ट भागिले हर्ट्झ या हिशोबाने चालतं. ११७ भागिले ६० म्हणजे १.९५. ११० भागिले ५० म्हणजे २.२, तेरा टक्के जास्त. गाभा संपृक्ततेकडे (आणखी चुंबकत्व न मावण्याकडे) जातो, ट्रान्सफॉर्मर रिकामाही तापतो. व्होल्टेज १००पर्यंत उतरवलं तर गाभा सुखावतो, पण हीटरला ६.३ऐवजी ५.४ व्होल्ट मिळतात आणि ट्यूबचे कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारे भाग) लवकर संपतात. म्हणजे इतकी वर्षं हा ॲम्प इथे तापतच चालला होता, ५ अँपियरच्या फ्यूजने फक्त शेवट जवळ आणला. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा तयार ट्रान्सफॉर्मर परदेशातून मागवणं हा सगळ्यात सरळ रस्ता होता. किंमत आणि कस्टम मिळून तो मालकाला परवडेना.

जुन्याच गाभ्यावर रिवाइंड हा पर्याय मोटर वाइंडरने सुचवला. तो इथे बसत नव्हता: ६० हर्ट्झचा गाभा ५० हर्ट्झला वापरायचा तर टर्न वीस टक्के वाढवावे लागतात, आणि गाभ्याच्या खिडकीत (तार मावण्याच्या पोकळीत) तेवढी जागा नव्हती.

शेवटी उद्यमबागेतला एक वाइंडर ठरला. त्याचं रोजचं काम मशीनच्या पॅनेलमधले कंट्रोल ट्रान्सफॉर्मर. आउटपुट ट्रान्सफॉर्मर असता तर त्याला दिला नसता, कारण त्यात प्रायमरी आणि सेकंडरीचे थर एकाआड एक गुंफावे लागतात आणि ते गणित वेगळं आहे. पॉवर ट्रान्सफॉर्मर मात्र पॅनेलच्या ट्रान्सफॉर्मरचाच जास्त इन्सुलेशन लागणारा भाऊ. बोलणं अर्धं कन्नडमध्ये, अर्धं मराठीत झालं. टर्न आणि टॅप दोन्हीकडे तेच.

काम

वाइंडरला नुसता जुना नमुना न देता आकडे लिहून दिले. स्टॅम्पिंगचं (गाभ्याच्या पत्र्यांचं) माप तेच, मधला पाय ३२ मिलिमीटर, पण पत्र्यांचा थर ३२ऐवजी ३९ मिलिमीटर उंच. टर्न वाढवायला जागा नाही, तर लोखंड वाढवायचं. व्होल्टमागे ३.५ टर्न, म्हणजे गाभा १.१ टेस्लाच्या आसपास राहतो. प्रायमरी २६ गेजच्या तारेने ८४० टर्न, ८०५व्या टर्नला २३०चा टॅप. हाय-टेन्शन ३३०-०-३३०, ३४ गेज, लोडखाली पडणाऱ्या व्होल्टेजसाठी पाच टक्के जास्त धरून प्रत्येक बाजूला १,२१० टर्न, वर बायससाठी टॅप. रेक्टिफायरला ५ व्होल्ट, २ अँपियर. हीटरला १८ गेजने २३ टर्न. हीटरचा करंट मोजून दिला होता: सहा लहान ट्यूब प्रत्येकी ०.३, दोन ६व्ही६ प्रत्येकी ०.४५, एकूण २.७ अँपियर, वर पॅनेलचा दिवा. प्रत्येक थरानंतर कागद, कडेला तीन मिलिमीटर मोकळे, शेवटी व्हार्निशमध्ये बुडवून भट्टीत. तो परत आल्यावर १,००० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) हाय-टेन्शन ते गाभा तपासला. पंपाच्या मोटरसाठी वापरतात तोच मेगर.

तोवर बाकीचं. पाच फिल्टर कपॅसिटरच्या जागी २२ मायक्रोफॅरड, ५०० व्होल्टचे. बाजारात सहज मिळणारे ४०० व्होल्टचे चालत नाहीत: ट्यूब गरम होऊन करंट ओढू लागेपर्यंत व्होल्टेज ४६०च्या वर जाऊ शकतं. पहिले दोन समांतर आहेत, म्हणजे ४४ मायक्रोफॅरड. जीझेड३४ला पहिल्या जागी ६०पर्यंत चालतात, त्याहून मोठे बसवले तर चालू करतानाचा झटका रेक्टिफायर खातो. बायसचा कपॅसिटर, त्याचा डायोड आणि स्क्रीनचे दोन्ही रेझिस्टर नवे.

कपलिंग कपॅसिटर (आवाज पुढच्या टप्प्यात नेणारे, डीसी अडवणारे) सरसकट काढले नाहीत. एकेक टोक सुटं करून, दुसऱ्या टोकाला हाय-टेन्शन असताना, सुट्या टोकावर डीसी मोजलं. फेज इन्व्हर्टरनंतरच्या (दोन आउटपुट ट्यूबना उलटसुलट सिग्नल देणाऱ्या टप्प्यानंतरच्या) ०.१ मायक्रोफॅरडच्या दोनपैकी एकावर १.४ व्होल्ट गळत होते. ते दोन्ही बदलले, बाकीचे राहिले. जुने आहेत म्हणून चांगले भाग उपटून टाकण्याची हौस या धंद्यात फार आहे.

मग बोर्ड. फेंडरच्या या काळातल्या ॲम्पमध्ये भाग मेण लावलेल्या काळ्या फायबर बोर्डावर बसवलेले असतात आणि तो बोर्ड दमटपणा शोषतो. मीटरची काळी तार चेसिसला, लाल प्रोब बोर्डाच्या कोऱ्या जागेवर, जिथे काहीच जोडलेलं नाही. ४०० व्होल्टच्या बिंदूजवळ ९ व्होल्ट दिसले. नुसत्या पुठ्ठ्यावर! अशा बोर्डावर खरखर आणि सरकणारं बायस येणारच. हेअर ड्रायर मंद ठेवून वीस मिनिटं, मग सिलिका जेलच्या पिशव्यांसह बंद डब्यात दोन दिवस. आकडा अर्ध्या व्होल्टच्या खाली आला.

वायरिंग बदललं. ग्राउंड स्विचचा कपॅसिटर काढला. तीन कोअरची नवी केबल, अर्थची तार स्वतंत्र बोल्टने चेसिसला, फेज आधी फ्यूजमधून, मग स्विचमधून. २३० व्होल्टवर करंट निम्मा, म्हणून फ्यूज १ अँपियर, स्लो-ब्लो. पॅनेलवरच्या जुन्या आकड्यावर पट्टी चिकटवून नवा लिहिला.

चालू करण्याचा क्रम असा: आधी ट्यूबशिवाय सिरीज लॅम्पवर, बल्ब लगेच विझला. मग फक्त रेक्टिफायर लावून ६व्ही६च्या सॉकेटवर पाचव्या पिनला बायस पाहिलं, दोन्हीकडे उणे ३८. त्यानंतरच नवी जोडी लावली. आठव्या पिनपासून चेसिसला १ ओहमचा रेझिस्टर जोडला होता, त्यावरचा एक मिलिव्होल्ट म्हणजे एक मिलिअँपियर. बायस सेट करून प्लेटला ४१२ व्होल्ट आणि २२ मिलिअँपियर ठेवले. त्यातला दीडेक मिलिअँपियर स्क्रीनचा वजा केला की प्लेटवर ८.४ वॅट पडतात, ६व्ही६च्या १२ वॅटच्या सत्तर टक्के.

निकाल, आणि जे फसलं

८ ओहमच्या डमी लोडवर (स्पीकरऐवजी जोडलेल्या रेझिस्टरवर) आवाज फाटायच्या आधी १२.४ व्होल्ट, म्हणजे १९ वॅट. जुन्या ॲम्पसाठी उत्तम. तासाभरानंतर ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवता येत होता, जे आधी कधीच जमत नसे. माइकची झिणझिण गेली. पण सगळं मिळून दोन महिने लागले आणि त्या वर्षीचा गणपती मालकाने भाड्याच्या ट्रान्झिस्टर ॲम्पवर काढला.

एक चूक बेंचवरची. ट्रान्सफॉर्मर २३०च्या टॅपवर जोडून दिला. मालकाच्या गावात रात्री उशिरा लोड उतरला की लाइन २५०ला जाते, हे विचारलंच नव्हतं. हीटरला ६.८५ व्होल्ट मिळू लागले. चेसिस पुन्हा उघडून २४०च्या टॅपवर घेतला, तेव्हा रात्रीचा आकडा ६.५६ झाला. टॅप ठरवण्याआधी मालकाकडून दोन दिवस सकाळ-संध्याकाळ-रात्रीची व्होल्टेज लिहून घेतली असती तर ही फेरी वाचली असती.

दुसरी फेरी कॅथोडच्या कपॅसिटरांमुळे. २५ मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचे हे छोटे इलेक्ट्रोलिटिक मोजल्यावर ठीक वाटले म्हणून ठेवले. डिसेंबरात व्हायब्रेटो (आवाज लहरवणाऱ्या) चॅनेलच्या खालच्या सुरांचा आवाज पातळ झाला. बायसचा वाळलेला कपॅसिटर ज्या वयाचा, त्याच वयाचे हेही. कपलिंग कपॅसिटरला लावलेला नियम इलेक्ट्रोलिटिकला लावायचा नव्हता.

आणखी वेगळं काय करता आलं असतं

झिणझिणीच्या पहिल्या दिवशी प्लग काढून अर्थ तपासला असता तर ॲम्प तेव्हाच उघडला गेला असता आणि वाळलेला कपॅसिटर लाल प्लेटच्या आधी सापडला असता. मंडपात आता मालक फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून बघतो. बल्ब पूर्ण उजेडाने लागला तर अर्थ कामाचा, मिणमिणला तर नाही. जिथे गळती पकडणारा ३० मिलिअँपियरचा ब्रेकर आहे तिथे या चाचणीने ब्रेकर पडतो, आणि ते उत्तरही चांगलंच.

उडालेल्या फ्यूजच्या जागी त्याच आकड्याचा दुसरा लावून तोही उडाला असता तर खर्च काही रुपयांचा होता. जाडा फ्यूज लावल्यामुळे पॉवर ट्रान्सफॉर्मर, एक ६व्ही६ आणि दोन महिने गेले. दुसरी ६व्ही६ कदाचित चांगली असेल. जोडी बदलताना ती न तपासता बाजूला पडली, हेही बेंचवर व्हायला नको होतं.

घाटाचा प्रवासही लक्षात घ्यायला हवा होता. कॉम्बोमध्ये (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत असतात तिथे) ट्यूब उलट्या लटकतात. नव्या ६व्ही६ना सॉकेटच्या स्प्रिंगच्या पकडी बसवल्या. लांबच्या प्रवासात मालक जीझेड३४ काढून फोममध्ये वेगळी नेतो. पावसाळ्यात ताडपत्री बंद. जाड सुती खोळ, खाली लाकडी पाट, आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू. जुलैत बोर्डावर ०.६ व्होल्ट दिसले.

व्हायब्रेटो लावला की अजून टिकटिक ऐकू येते. तारा बाजूला सरकवून ती कमी झाली, गेली नाही. मालक व्हायब्रेटो वापरत नाही, म्हणून तूर्त तिला हात लावलेला नाही.